उजवा पदर वर

क्योहोचं सातवं वर्ष, बारावा महिना, नववा दिवस
कान्दा पेठ, एदो

सेइरोकूदादा,

हे पत्र वाचून झालं की चुलीत घाल. वाचायच्या आधीच घाल असं लिहिणार होते, पण मग वाचशील कसं.

शरदात तू पाठवलेल्या बारा चित्रांतलं सातवं आठवतं का? पडद्यामागची जोडी, वर प्लमची फांदी, त्याच्या हातात साकेची वाटी. दोघांच्या अंगावर किमोनो आहेत, फक्त जिथे नसायला हवेत तिथे नाहीत. त्यात तू पदर कसे काढले होतेस? डावा वर की उजवा? नीट आठवून लिही. मी स्वतः पाहिलं असतं, पण तुझा कागद इसाबुरोने नेहमीप्रमाणे छापायच्या लाकडावर चिकटवला आणि तो सुरीखाली गेला. कोरल्यावर मूळ कागद उरत नाही, हे तुला काय सांगायचं.

घाबरू नकोस म्हणून लिहिणार नाही, कारण मी घाबरले आहे.

पुस्तकवाल्या गोहेईशेटनी ती बारा चित्रं दहाव्या महिन्यात छापली, शेंदरी रंग भरून घेतला आणि विकलीही. अकराव्या महिन्यात हुकूम आला: असली चित्रं बंद, आणि इथून पुढे जे छापाल त्यावर काढणाऱ्याचं आणि छापणाऱ्याचं खरं नाव हवं. गोहेईशेट म्हणाले, "हुकूम काय, पावसासारखा असतो. छत्री धरायची, पुढे जायचं." मागल्या दाराने विक्री चालूच होती. मग एका साकेवाल्याच्या घरी लग्न निघालं. नवरीच्या पेटीत रीतीप्रमाणे वसंतचित्रं ठेवायला आमचाच जुडगा नेला. नवरीची आत्या पेटी भरत होती. ही आत्या घरोघरी जाऊन मेलेल्यांना कपडे घालते, हे तिचं कामच. बाकी सगळ्यांनी सातव्या चित्रात जे बघायचं ते बघितलं असेल. तिने पदर बघितले. उजवा वर. दोघांचेही, मढ्याला घालतात तसे. किंचाळून तिने पेटी उलटी केली म्हणे. लग्नाच्या पेटीत मढ्यांची जोडी!

चित्र आमच्या पेठेच्या मुखियाकडे, सोएमोनकाकांकडे गेलं, तिथून कचेरीत. कचेरीतला अंमलदार म्हणतो, हे वसंतचित्र नव्हेच. हे जोडीने जीव दिलेल्यांचं चित्र आहे, आणि त्यांचं काही लिहायचं नाही, काढायचं नाही, असाही हुकूम आहे. साध्या वसंतचित्राला पन्नास दिवस हातकड्या. याला काय शिक्षा, हे सोएमोनकाकाही सांगत नाहीत. नुसता चहा पितात आणि वाटीकडे बघतात.

काढणाऱ्याचं नाव पुढच्या महिन्याच्या वीस तारखेपर्यंत हवं आहे.

दादा, तुझं नाव चित्रावर नाही, तसं ते देवळाच्या वहीतही नाही. बाबांनी घराबाहेर काढून ते खोडायला लावलं, त्याला आता नऊ वर्षं होतील. वहीत नाव असलेल्या माणसाला हातकड्या घालून त्याच्या घरी बसवतात. नाव नसलेल्याला घरच नसतं. त्याच्या दंडावर गोंदतात आणि हद्दीबाहेर घालवतात. म्हणून सांगते, कच्चे कागद जाळ आणि काही दिवस ओसाकाला जाऊन राहा.

बाबा बरे आहेत. खोकला आहे, पण तो तर दर हिवाळ्यात असतो. तुझं ते सातवं चित्र त्यांनी उजेडाकडे धरून पाहिलं होतं. "बोटं बरी आलीत," म्हणाले.

पदरांचं लगेच लिही.

माकी


बारावा महिना, सव्विसावा दिवस

दादा,

तुझं पत्र काल आलं. "तीस वर्षं हात चालवतोय, मेलेल्याचा पदर जिवंताला नेसवीन का? तुझ्या नवऱ्याला विचार, कागद कुठल्या अंगाने चिकटवला." इतकं जोरात लिहिलं आहेस की कुंचल्याचे केस कागदाला लागलेत.

तू बरोबर आहेस. कागद उलटा चिकटला. पण तो इसाबुरोने चिकटवला नाही. मी चिकटवला. मागच्या पत्रात त्याचं नाव घातलं, कारण मला वाटलं, कदाचित तू लिहिशील की हो, माझीच चूक झाली. मग माझी सुटका झाली असती. असा विचार मी केला, हे तुला कळलेलं बरं.

आपल्या लहानपणी बाबा बोटं मोजत शिकवायचे ते तुलाही पाठ असेल. कागदावर जिवंत, लाकडावर मेलेला, छापल्यावर पुन्हा जिवंत. चित्राचं तोंड लाकडाकडे करून कागद चिकटवायचा. पातळ कागदातून रेघा उलट्या दिसतात, म्हणजे पदरही उलटा, उजवा वर. लाकडावर माणूस मढ्यासारखा दिसला तर काम बरोबर. जिवंत दिसला तर तिथेच थांबायचं. मी थांबले नाही.

अजून एक सांगायचं राहिलं आहे. गेली चार वर्षं केसांचं आणि चेहऱ्याचं कोरकाम मीच करते. बाबांची नजर अधू झाल्यावर इसाबुरोकडे द्यायचं ठरलं होतं. त्याने एका बाईच्या कपाळावर केस कोरले तर ते झाडूसारखे आले. बाबा म्हणाले, "ही नवऱ्याकडे चालली आहे की अंगण झाडायला?" तेव्हापासून दार लावून मी बसते. बाहेर नाव इसाबुरोचं. त्याला त्याचं वाईट वाटत नाही असं तो म्हणतो.

वीस तारखेला त्याला हातकड्या घातल्या. लाकडी आहेत, सांध्यावर कागद डकवून कचेरीचा शिक्का मारलाय. दर पाच दिवसांनी शिपाई येऊन तो फाटला नाही ना ते बघतो. मी भरवते. काल मुळ्याचा रस्सा त्याच्या हनुवटीवरून गळ्यात गेला.

"घाई कसली आहे? मी काय पळून जाणार आहे?"

"तोंड नीट उघडलं तर सांडणार नाही."

"नाक खाजव. उजवीकडे. तिथे नाही, बाई, वर! चौदा वर्षं लग्नाला झाली, नाक कुठे आहे हे माहीत नाही."

मग दोघंही हसलो आणि हसताना तो एकदम म्हणाला, "माकी, सेइरोकूचं नाव सांगून टाकू."

मी वाटी खाली ठेवली. तो म्हणाला, "क्योतोला हुकूम पोचेपर्यंत तो कुठल्या कुठे गेलेला असेल. आपण इथेच आहोत. तो गेल्यावर मला घरजावई करून घेतलं ते घर सांभाळायला. हे घर मी असं सांभाळतोय, दोन्ही हात बांधून." वाईट माणूस नाही तो, दादा. तू त्याला अजून 'पोऱ्या' म्हणत असशील, पण आता त्याचेही केस पिकलेत.

मी त्याला पुढच्या वीस तारखेपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

तू विचारलंस, बाबांच्या लक्षात चूक कशी आली नाही. सांगितलं ना, नजर अधू झाली आहे. तुझी आठवण काढतात. परवा म्हणाले, सेइरोकूला आता चाळिसावं लागलं असेल.

ओसाकाला गेलास का? पत्ता लिही.

माकी


आठवं वर्ष, पहिला महिना, तेरावा दिवस
मिशिमा, बगळ्याच्या पाटीची धर्मशाळा, क्योतोहून येणारा चित्रकार सेइरोकू याला द्यावं

दादा,

हे पत्र तुला मिळेपर्यंत पुढे निघू नकोस. कासीदाला सांगितलं आहे की तू तिथे नसशील तर हाकोनेच्या नाक्यापर्यंत शोधत जा. नाक्याचा परवाना तुझ्याकडे नाही, तो मिळवायला तू मिशिमात तुझ्या ओळखीच्या धर्मशाळेत थांबशील, या एका आशेवर लिहिते आहे.

तुझं पत्र आज सकाळी आलं. तीनदा वाचलं. तू लिहितोस, "पाच तारखेला निघतोय. कचेरीत जाऊन सांगेन की मी काढलं आणि पदरही मीच तसे काढले. माझ्या नावाला ना घर ना वही, बिघडायला काही उरलेलं नाही. तू आणि पोऱ्या सुटाल. फक्त आधी एकदा बाबांना भेटू दे. नऊ वर्षांनी त्यांनी माझं वय मोजलं, मला आणखी काय हवं."

दादा, बाबा नाहीत. नवव्या महिन्याच्या अठरा तारखेला गेले.

त्यांनी तुझं वय मोजलं नाही. ते मी मोजलं. बोटं बरी आलीत, हे वाक्यही माझं. गेल्या तीन वर्षांत बाबांचं म्हणून जे जे तुला लिहिलं, ते सगळं मी रचलेलं आहे. तुझं चित्र आलं की तू खाली बारीक अक्षरांत विचारायचास, "म्हाताऱ्याने पाहिलं का?" पहिल्यांदा 'नाही' लिहायला धीर झाला नाही. पुढच्या वेळी तू आठ चित्रं पाठवलीस आणि ती आधीच्यांपेक्षा चांगली होती. मला कळलं की तू ती कुणासाठी काढतोस. बाबांचा एक शब्द लिहिला की तुझी रेघ सुधारते, आणि रेघ सुधारली की गोहेईशेट आमच्याकडे काम देतात. त्यावर हे घर चालत होतं. बाबा गेल्यावर तर मुळीच सांगता येईना. तू पाठवायचं थांबवलं असतंस.

खरं जे झालं ते एवढंच. पहिल्या वर्षी त्यांनी तुझी चित्रं पाहिली नाहीत. कुणाची आहेत हे मी सांगितलं नव्हतं, पण त्यांनी हात लावला नाही. नंतर मी कोरताना ते मागे येऊन उभे राहायचे. डोळे बारीक करून. एकदा विचारलं, "कोण आहे हा माणूस?" मी म्हटलं, "आहे क्योतोचा कुणीतरी." ते म्हणाले, "हं." त्या हुंकारात काय होतं मला माहीत नाही. आता त्यात मी काही भरणार नाही. खूप भरून झालं.

आणि कागदाचं. तेही ऐक, म्हणजे पदर तू तसे काढलेस असं सांगायला तुला काही कारण उरणार नाही.

बाबांना मी न्हाऊ घातलं. पांढरा किमोनो मीच घातला, उजवा पदर वर. चौथ्या दिवशी गोहेईशेटचा निरोप, सातवं चित्र तेवढं राहिलंय, महिना संपायच्या आत लाकूड हवं. मी खळ लावली आणि कागद ठेवला. बरोबर ठेवला होता, दादा. तोंड खाली. रेघा वर आल्या आणि ते दोघं लाकडावर दिसले, जसे दिसायला हवेत तसेच. उजवा पदर वर. त्यातला पुरुष तर बाबांच्याच अंगकाठीचा होता, खांदे खाली पडलेले. मी कागद उचलला. ओला होता, फाटायला हवा होता. फाटला नाही. उलटा करून ठेवला. मग दोघं जिवंत दिसले आणि मला कोरता आलं. सहा दिवस कोरत होते. कपाळावरचे केस इतके बारीक माझ्या हातून कधी उतरले नव्हते. त्या सहा दिवसांत ही चूक मला कधी कळली, असं कुणी विचारलं तर मला सांगता येणार नाही. हाताला ठाऊक होतं.

छापून पहिला कागद आला तो तुझ्याकडे तपासायला पाठवायला वेळ नव्हता. इसाबुरोने रेघा तुटल्यात का तेवढं पाहिलं. गोहेईशेटनाही नंतर दाखवलं की पदर बघा, तर डोक्याला हात लावून म्हणाले, "माकीबाई, असल्या चित्रात गळ्याकडे कोण बघतं?"

आता तू ठरव. येऊन तू खोटं सांगशील, तर ते माझ्या चुकीसाठी असेल, आणि ज्याला भेटायला येतोस तो इथे नाही. दंडावर गोंदवून घेऊन तू बाहेर पडशील आणि मी इथे नवऱ्याला रस्सा भरवत बसेन, हे मला जमणार नाही. येऊ नकोस. मिशिमातच थांब. शिव्या दे, पण तिथून दे.

वीस तारखेला मीच जाते.

माकी


पहिला महिना, एकोणिसावा दिवस

दादा,

तुझं उत्तर नाही. कासीद परत आला, म्हणाला, पत्र धर्मशाळेच्या मालकिणीच्या हाती दिलं. तुझ्या हाती का नाही दिलं विचारलं तर म्हणाला, "पाहुणा आंघोळीला गेला होता." कोण पाहुणा? उंच होता का? त्याला ठाऊक नाही. मी चिडले तर म्हणतो, "बाई, मी पत्रं पोचवतो, माणसं मोजत नाही."

रोज दुपारी रस्त्यावर बांबूची टोपी घातलेला कुणी दिसला की मी दारापर्यंत धावते. काल एकाच्या मागे पुलापर्यंत गेले. तो मासे विकणारा निघाला.

गोहेईशेटनाही हातकड्या पडल्यात. त्यांनी कचेरीत सांगितलं की चित्रं कोण काढतो ते मला माहीत नाही, ती यासोजीच्या घरातून कोरूनच येतात. खरं आहे ते. पण आता बाबांच्या घरातून म्हणजे आमच्यातूनच कुणाचं तरी नाव द्यावं लागणार.

इसाबुरो दोन दिवस माझ्याशी बोलत नाही. आज जेवताना म्हणाला, "उद्या मलाही बोलावलंय. मला विचारलं तर मी खोटं बोलणार नाही. आधीच सांगून ठेवतो."

मी म्हटलं, "बोलू नकोस."

"मग उद्या तू काय सांगणार आहेस?"

मला माहीत नाही, दादा. कागद मी चिकटवला एवढं सांगेन. त्यापुढे नाव विचारतील. त्यापुढचं मला माहीत नाही.

माकी


पहिला महिना, बाविसावा दिवस

दादा,

मिशिमाच्या मालकिणीची चिठ्ठी काल आली. तिने लिहिलंय की पाहुणा सोळा तारखेपासून मागच्या खोलीत बसून आहे, पुढेही जात नाही आणि मागेही नाही, जेवतो अर्धंच, भाडं देतो. म्हणजे तुला पत्र मिळालं. हे वाचून मी अंगणात जाऊन बसले.

आता वीस तारखेचं सांगते.

कचेरीच्या अंगणात पांढऱ्या वाळूवर बसवलं. मी, बाजूला इसाबुरो, मागे सोएमोनकाका. वर ओट्यावर अंमलदार आणि एक कारकून. कारकुनाच्या पुढ्यात सातवं चित्र पसरलेलं. तो मान तिरकी करून ते बघत होता. अंमलदार खाकरला तेव्हा त्याने मान सरळ केली.

मी म्हटलं, "साहेब, चित्र खिडकीकडे धरून मागच्या अंगाने बघावं."

"कशाला?"

"बघावं एकदा."

कारकुनाने धरलं. उजेडात रेघा मागून उमटल्या. तो बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, पदर सरळ झाले. डावा वर. वाटीसुद्धा उजव्या हातात आली."

अंमलदाराने कागद घेतला, स्वतः धरला, फिरवला, पुन्हा धरला. "म्हणजे?"

"म्हणजे काढणाऱ्याने जिवंत माणसंच काढली होती. कागद लाकडावर उलट्या अंगाने चिकटला म्हणून छापताना मेली. चिकटवला मी."

"तू? बायका हे काम करतात?"

"खळ लावायचं काम करतात." कोरायचं मी सांगितलं नाही. कुणी विचारलंही नाही.

अंमलदार इसाबुरोकडे वळला. "बाईच्या हाती खळ दिली की हे असं होतं. तू काय करत होतास?"

"झोपलो होतो, साहेब," इसाबुरो म्हणाला. हे त्याने का सांगितलं कोण जाणे. तो झोपला नव्हता, मागच्या खोलीत बाबांच्या नावाच्या पाटीसमोर उदबत्ती लावत होता.

मग तो प्रश्न आला. चूक की मुद्दाम? धंद्यातल्या माणसाला पदर दिसत नाही, यावर कसा विश्वास ठेवायचा? मी सांगितलं. त्याच्या चार दिवस आधी वडिलांना कपडे घातले होते, आणि लाकडावर पुन्हा तोच पदर बघवला नाही. तुला लिहिलं तेच, एवढं लांबण न लावता. सोएमोनकाकांनी मागून सांगितलं की यासोजी नवव्या महिन्यात गेले, पेठ साक्षीला आहे. अंमलदाराने चित्र गुंडाळून बाजूला ठेवलं. मग कारकुनाला म्हणाला, "जोडीने जीव दिल्याचं कलम काढ. चूक लिही."

मला वाटलं, संपलं. मी वाकले, उठायला हात टेकला.

"थांब. वसंतचित्राचं कलम आहेच. काढणाऱ्याचं नाव सांग."

कारकुनाने कुंचला शाईत बुडवला. तो कुंचला कागदाच्या वर थांबलेला मला दिसत होता. इसाबुरोने श्वास घेतला, मला ऐकू आला. तो आता बोलेल हे मला कळलं, आणि काय बोलेल तेही.

मी म्हटलं, "माझ्या वडिलांनी काढलं."

मी ठरवून गेले नव्हते, दादा. शपथ घ्यायला लावलीस तरी घेईन.

"यासोजीने? कोरणारा यासोजी? तो चित्रं काढायचा?"

"घरी काढायचे."

"वय किती होतं?"

"अडुसष्ट."

कारकून फिसकन हसला. अंमलदार हसला नाही, पण मिशी हलली. "अडुसष्टाव्या वर्षी असली चित्रं?" मग त्याने इसाबुरोला विचारलं, "तू त्यांचा वारस. हे खरं आहे?"

मी वाळूकडे बघत होते. आदल्या दिवशीच तो म्हणाला होता, मी खोटं बोलणार नाही.

इसाबुरो म्हणाला, "खरं आहे. सासरेच काढायचे. असली चित्रं समोर बघूनच काढावी लागतात असं थोडंच आहे, साहेब. आठवणीतूनही काढता येतात."

आता अंमलदारही हसला. मेलेल्या माणसाला शिक्षा नाही, प्रकरण त्याच दुपारी मिटत होतं, त्यालाही ते बरंच होतं. जबानीवर घराचा शिक्का हवा होता. शिक्का इसाबुरोच्या कमरपट्ट्यात आणि त्याचे हात हातकड्यांत. मी तो त्याच्या कमरेतून काढला आणि बाबांच्या नावाखाली उमटवला. मला कडक समज मिळाली. इसाबुरोचे पन्नास दिवस पुरे व्हायचे आहेत. सगळी लाकडं कचेरीत जमा झाली, ती जाळतील.

परत येताना पुलावर मी विचारलं, "खोटं बोलणार नव्हतास ना?"

"नव्हतो. तुझ्या भावासाठी बोललोही नाही." थोडं चालून म्हणाला, "तो म्हातारा वर माझी वाट बघत बसला असेल. जाईन तेव्हा पटाशी फेकून मारणार."

"मला आधी मारतील."

"तुला नाही मारणार. तुला कधी मारलं त्यांनी?" आणि मग, "नाक खाजव."

इथवर तुला हसू आलं असेल तर आता पुढचं वाच. कालच पेठभर झालं. न्हाणीघरात बायका म्हणाल्या, म्हातारा आतल्या गाठीचा निघाला की! सुताराच्या बायकोने विचारलं, एखादं शिल्लक असेल तर सांग. बाबांनी चाळीस वर्षं देवळाच्या पोथ्या कोरल्या, एका अक्षराला डाग लागू दिला नाही. आज भटजी आले, उदबत्ती लावली, गोड बोलले, आणि अर्धवट पडलेल्या पोथीची लाकडं परत घेऊन गेले. हे मी केलं. बाबांना विचारलं असतं तर ते काय म्हणाले असते, हे आता मी रचणार नाही.

आणि तुझंही मी काढून घेतलं. सातवंच नव्हे, सगळीच. तीन वर्षांची चित्रं, तुझ्या हातून त्याहून चांगलं काही झालं नाही, हे मी कोरणारी म्हणून सांगते. कचेरीच्या कागदावर ती यासोजीची झाली आहेत, शिक्क्यासकट. तू कधी म्हणालास की ती माझी, तर मी आणि इसाबुरो खोटे ठरू, आणि तुझ्या दंडाला सुई लागेल. रागावला असशील तर रागाव. पण म्हणू नकोस.

हातकड्या दुसऱ्या महिन्याच्या दहा तारखेला निघतील. त्यानंतर ये, किंवा क्योतोला परत जा, मी सांगणारी कोण. आलास तर पूर्वेच्या फाटकाने देवळात जा, विहिरीपासून तिसरा दगड बाबांचा. आधी तिथे जा, मग घरी.

पण आजपासूनच एक सवय कर. मिशिमात, वाटेत, क्योतोत, कुणी ते चित्र उलगडून विचारलं की हा हात कुणाचा, तर सांग, एदोच्या यासोजीचा. न अडखळता सांग. मी रोज मोठ्याने म्हणून बघते. पहिल्या दिवशी जीभ लटपटली. आज जरा कमी.

माकी